मॉडेलमध्ये नसलेलं दार

मुकर्रेम हानमला, म्हणजे आमच्या तुर्की बोलीत मुकर्रेम बाईंना, रेझिनचा वास सोसत नसे. पवनचक्कीची पाती घडवणाऱ्या कारखान्यात नोकरी करायची आणि रेझिनच्या वासाला नाक मुरडायचं, म्हणजे हलवायाच्या घरी राहून गोडाचा तिटकारा. पण तिचं खरंच तसं होतं. तिचं टेबल वरच्या मजल्यावर, काचेच्या भिंतीआड. खाली आम्ही साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचो, वर ती तेच कापड संगणकात अंथरायची. आमच्यातले टवाळ म्हणायचे, "हानम उंटावरून शेळ्या हाकतेय." तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "हाकतेय ना? मग शेळ्यांनी रांगेत चालावं."

तोंडावर मी तिला कायम 'तुम्ही'च म्हणालो. आता ती नाही, आणि गेलेल्या माणसाशी फार अदबीनं वागलं की ते परकं वाटायला लागतं, म्हणून इथं 'ती'. मी राइफ, सगळे उस्ता म्हणतात, म्हणजे उस्ताद. तयार पात्यावरून छोटी हातोडी ठोकत जायचं, कान लावायचा, जिथं आवाज पोकळ येईल तिथं खडूनं रेघ मारायची, हे माझं काम. लोकांना माझा चेहरा बघूनच धास्ती वाटते. त्याला माझा इलाज नाही.

पातं कसं घडतं ते सांगितल्याशिवाय तिचं काम कळायचं नाही. एका गल्लीएवढा लांब साचा. त्यात काचेच्या कापडाचे थर, त्यावर प्लॅस्टिकची चादर, चादरीच्या कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद. पंप आतली हवा ओढून घेतो, मग नळ्या उघडायच्या, की रेझिन आपोआप आत शिरतं आणि कापड ते पीत जातं. कापड सगळीकडे प्यालं तर पातं दगडासारखं होतं. एखादा हातभर तुकडा कोरडा राहिला तर तेच पातं पुढे कधीतरी वाऱ्यात तिथंच मोडतं. एकदा रेझिन सोडलं की माणसाच्या हातात काही नाही, नुसतं बघत बसायचं. म्हणून नळ्या कुठं लावायच्या, कुठली कधी उघडायची, रेझिन कुठल्या कोपऱ्यात कधी पोचेल, हे सगळं मुकर्रेम आधी संगणकात घडवून बघायची. पडद्यावर रंग सरकत जायचा आणि कोरडी जागा पांढरी राहायची. ती म्हणायची, "खाली चूक झाली तर अख्खं पातं भंगारात जातं. इथं चूक झाली तर फक्त माझा चहा गार होतो."

तिचे वडील आयवालिकला फायबरच्या मासेमारी बोटी बनवायचे. रेझिन ब्रशनं फासायचे, तोंडाला फडकंसुद्धा नाही. म्हातारपण यायच्या आधीच छाती गेली. रात्रंदिवस खोकायचे. मुकर्रेमनं एकदाच मला त्याबद्दल सांगितलं, तेही चिडून, मी तिला खाली का येत नाही म्हणून टोचलं तेव्हा. "हा वास आला की मला खोकला ऐकू येतो, राइफ उस्ता. म्हणून मी हे काम असं शिकले की त्याला हात लावावा लागू नये." मी पुन्हा तिला टोचलं नाही.

लग्न तिनं केलं नाही. इझमीरला एक मांजर होतं, टेबलावर गेव्रेक, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव, असायचा, बिनसाखरेचा काळा चहा असायचा आणि जीभ तिखट होती. नमाज-रोजा तिच्याकडे नव्हता. पण रमजानात खालच्या लोकांसमोर ती पाण्याचा घोटही घेत नसे. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "कौतुक कसलं? तहान दिवसभर तुम्ही सोसता, मी वर जाऊन पिते."

आता त्या रमजानाबद्दल. तो मार्चात आला होता, आणि त्या वर्षी आमच्या बर्गामाच्या खोऱ्यात पोयराझ, उत्तरेचा गार वारा, असा सुटला होता की दाढा वाजत होत्या. रमजानात पाळ्या बदलतात. दिवसभर कापड अंथरायचं, दुपार उतरल्यावर रेझिन सोडायचं, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेला रेझिन आपलं आपण चालत असतं आणि माणसांना दोन घास खायला सवड मिळते. सोय चांगली होती. पण त्या महिन्यातली पहिली तिन्ही पाती बिघडली. तिन्हींना एकाच ठिकाणी, मुळाजवळ, कोरडा डाग. माझी हातोडी तिथं आली की आवाज बसायचा.

हाल्दुन बे, म्हणजे हाल्दुन साहेब, हे आमचे व्यवस्थापक. त्यांनी चौकशीची बैठक घेतली. मुकर्रेमनं पडद्यावर आपलं मॉडेल चालवून दाखवलं. रंग सरकत मुळापर्यंत गेला, पांढरं काही उरलं नाही. मग तिनं मॉडेलमध्ये चादरीच्या त्या कडेला मुद्दाम एक गळती घातली, आणि पांढरा डाग आला. जवळपास तिथंच.

"म्हणजे पट्टी नीट लागली नव्हती," हाल्दुन बे म्हणाले. "त्या कडेची पट्टी कोण लावतं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण ती कडा सातीची होती. साती आब्ला म्हणजे खालच्या सगळ्या मुलींची थोरली बहीण. डोंगरातल्या गावातून मिनीबसनं यायची. हात असा की तिनं पट्टी दाबली की ती पट्टी नसून चादरीचाच भाग वाटावा. नवऱ्यामागे दोन मुलं तिनं याच पट्टीवर मोठी केली. तिला बोलावलं.

"साती हानम," मुकर्रेम म्हणाली, आणि हे म्हणताना तिचे डोळे पडद्यावर होते, "हे तुमच्याविरुद्ध नाही. गळती घातल्याशिवाय हा डाग येत नाही, एवढंच आकडे सांगतात."

"आकड्यांना म्हणावं, माझ्याकडे बघून बोला," साती म्हणाली.

कुणी हसलं नाही. हाल्दुन बेंनी तिला ईदपर्यंत घरी बसायला सांगितलं. निर्णय नंतर. पण निर्णय काय लागणार ते आम्हाला ठाऊक होतं, आणि निष्काळजीपणाचा शिक्का बसलेल्या बाईला या खोऱ्यातला दुसरा कुठलाही कारखाना दारात उभं करत नाही, हेही ठाऊक होतं. साती उठली. दाराशी जाऊन वळली आणि मुकर्रेमला म्हणाली, "माझा हक्क तुमच्यावर राहिला, बाई. मी तो सोडलेला नाही."

हे वाक्य आमच्याकडे कुणी सहज उच्चारत नाही. देव स्वतःचं देणं माफ करतो, पण एका माणसानं दुसऱ्याचा हक्क मारला तर ते माफ करणं त्याच्याही हातात नाही. ज्याचा मारला त्यानंच 'हलाल असो' म्हणून सोडायचं असतं. म्हणून तर माणूस नोकरी सोडताना, हजला निघताना, अंथरूण धरल्यावर प्रत्येकाला विनवतो की तुमचा हक्क मला हलाल करा. मुकर्रेमच्या वडिलांनी शेवटच्या दिवसांत बोटीच्या धक्क्यावरचे सगळे लोक घरी बोलावून एकेकाकडे तेच मागितलं होतं. ती मानत नव्हती, पण त्या वाक्याचं वजन तिला कळत होतं.

"मी काय करणार?" ती मला जिन्यात म्हणाली. "मी खोटे आकडे दाखवू?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

"माझा चेहरा जन्मापासून असाच आहे," मी म्हणालो. "पण एक सांगतो. तुमच्या पडद्यावरचा डाग गोल आहे. माझ्या खडूनं काढलेला लांबट आहे."

"तुझा खडू जाड आहे," ती म्हणाली आणि वर निघून गेली. पण मी बघितलं, त्या दिवशी तिचा गेव्रेक तसाच टेबलावर राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात चौथं पातं निघालं. सातीच्या जागी एल्मास नावाची मुलगी पट्टी लावत होती. मी हातोडी ठोकत मुळाशी आलो आणि आवाज पुन्हा बसला. तीच जागा, तोच लांबट डाग. मला राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर अजून हॉलमध्येच फिरतोय. मी खडू टाकला आणि वर गेलो.

"चौथं," मी म्हणालो. "आता एल्मासला पण घरी पाठवा. मग तिच्यानंतरचीला. शेवटी मी आणि तुम्ही उरू, तुम्ही पट्टी लावा, मी रेझिन ओततो."

तिनं खुर्चीवरचा कोट उचलला, नाकाला रुमाल बांधला आणि माझ्यामागून जिना उतरली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होतो, पण रेझिन सोडलेलं असताना ती खाली आलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

संध्याकाळ झाली होती. पुढच्या पात्यात रेझिन चाललं होतं, पंप घरघरत होते. मुकर्रेम साच्याच्या कडेनं हळूहळू चालत होती, रुमालाआड श्वास कोंडून. खोकल्याचा आवाज तिला ऐकू येत असणार. मी विचारलं नाही. मग रोजा सोडायची वेळ जवळ आली तशा मुली हातातलं ठेवून मुळाकडच्या बाजूला गोळा झाल्या. कागद अंथरला, खजूर, रमजानची तीळ लावलेली रोटी, मसूराच्या सुपाचं भांडं. आणि एल्मासनं भिंतीवरचं बटण दाबून मोठं सरकतं दार कमरेएवढं वर उचललं.

पोयराझ आत घुसला. मुलींनी डोक्याचे रुमाल धरले. बाहेरून, अगदी लांबून, अजान ऐकू आली.

"हे दार का उघडलं?" मुकर्रेमनं विचारलं.

"पंपाच्या आवाजात अजान ऐकू येत नाही, हानम," एल्मास म्हणाली. "आणि वासात घास गिळवत नाही. जेवण होईपर्यंत ठेवतो, मग लावतो. आधी साती आब्ला उचलायची. तिचे कान मांजराचे, पहिला शब्द तिलाच ऐकू यायचा. आता मी उचलते." तिनं खजूर पुढे केला. "घ्या ना."

मुकर्रेमनं खजूर घेतला आणि हातात धरून तशीच उभी राहिली. ती दाराकडे बघत होती. दाराच्या पायाशी रेझिनची टाकी होती. तिथून निघालेल्या नळ्या साच्याच्या मुळाकडे गेल्या होत्या आणि वारा नेमका त्यांच्यावरून वाहत होता. तिनं वाकून एका नळीवर हात ठेवला. उघडा हात, हातमोजा न घालता. मग मला म्हणाली, "राइफ उस्ता, हात लाव."

नळी गार पडली होती. आत रेझिन थंडीतल्या मधासारखं जड झालं होतं आणि सरकत नव्हतं. दुसऱ्या बाजूचं रेझिन उबेत होतं, ते पुढे पळालं, वळसा घालून आलं आणि मधला पट्टा कोरडाच कोंडला गेला. लांबट पट्टा, दाराच्या वाऱ्यासारखा सरळ. हे मी आता सांगतोय इतकं सोपं. त्या दिवशी तिनं वर जाऊन मॉडेलमध्ये दार घातलं, गार वारा घातला, आणि पडद्यावर माझ्या खडूचा डाग उमटला, तेव्हा मला कळलं. तिच्या मॉडेलमध्ये सगळा हॉल एकसारखा उबदार होता. वरचा मजला तसाच असतो.

"चला, साती सुटली," मी म्हणालो.

"सुटली?" ती म्हणाली. "पट्टीतून सुटली. दार कोण उचलत होतं ते ऐकलंस ना?"

चार पाती भंगारात गेली होती, पाचव्याचंही खरं नव्हतं, आणि हाल्दुन बे अशा हिशेबाला एक तरी मान शोधणार हे उघड होतं.

"हे तू, मी आणि खालच्या मुलींनी ऐकलंय," ती म्हणाली. "मुलींना यातलं काही कळलेलं नाही. तू शपथ घे, सातीला कधी सांगणार नाहीस."

"सातीला का नाही? तिला कळू दे तुम्ही तिच्यासाठी काय करताय ते."

"ती परत आली की मी तिच्याकडे हलाल मागायला जाणार आहे. हे सांगून मागितलं तर ते विकत घेतल्यासारखं होईल. तसलं मला नको."

मी शपथ घेतली. माझ्या मनाविरुद्ध घेतली, हे इथं सांगून ठेवतो.

ईदनंतर बैठक झाली. मुख्य कचेरीचे दोन लोकही आले होते, कारण मुकर्रेमचं मॉडेल आमच्या बाकीच्या कारखान्यांतही लावायचं ठरत होतं आणि त्या सगळ्या कामाची प्रमुख ती होणार होती. तिनं पडदा लावला, दार दाखवलं, वारा दाखवला, डाग दाखवला. हाल्दुन बेंनी विचारलं, "दार कोण उघडत होतं?"

या बाईनं उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "हॉलला दार आहे, आणि रमजानात ते उघडतं, हे माझ्या मॉडेलला ठाऊक असायला हवं होतं. ते बघणं माझं काम होतं. मी खाली उतरून बघितलं नाही आणि एका बाईच्या हाताला दोष दिला. चूक माझी आहे, तसंच लिहून घ्या."

तसंच लिहून घेतलं गेलं, आणि खाली हॉलमध्ये 'मॉडेल चुकलं' एवढंच कळवलं, दाराचा विषय निघाला नाही. सातीला परत बोलावलं. हॉलमध्ये अजान ऐकू यावी म्हणून एक स्पीकर बसला. मॉडेलचं मोठं काम दुसऱ्या कुणाला मिळालं, मुकर्रेमला जुने हिशेब तपासायला बसवलं आणि काही महिन्यांत तिनं राजीनामा दिला. गंमत अशी की आज सगळ्या कारखान्यांत मॉडेल करताना पोरं आधी दारं आणि वारा घालतात. कुणाच्या तोंडी तिचं नाव नसतं.

पण मी सातीचं सांगत होतो. ती परत आली त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मुकर्रेम खाली आली. सगळ्या मुली होत्या, मी होतो. ती सातीसमोर जाऊन उभी राहिली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत बघत होती.

"साती आब्ला, चूक माझी होती. तुमचा हक्क मला हलाल करा."

सातीनं चहाचा पेला खाली ठेवला. "नोकरी कंपनीची होती, ती कंपनीनं परत दिली," ती म्हणाली. "तुम्ही घेतलं ते वेगळं होतं. माझ्या सुनेच्या आईनं भर इफ्तारात मला विचारलं, कशानं काढलं गं, काय बिघडवलंस? ते कुठून परत आणणार तुम्ही?"

"नाही आणता येणार."

"मग मीही नाही म्हणते. खोटं हलाल देण्यापेक्षा खरं नाही बरं."

मुकर्रेमनं मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाली, आणि जिना चढून गेली. मला दोघींचाही राग आला होता. एकीला सांगायचं नव्हतं, दुसरीला ऐकायचं नव्हतं, आणि मधे शपथेनं तोंड शिवलेला मी.

तीनेक वर्षांनी कळलं की ती आजारी आहे. छातीचाच आजार. ज्या वासापासून ती आयुष्यभर पळाली त्याचा याच्याशी संबंध नव्हता, डॉक्टर म्हणाले. मी इझमीरच्या इस्पितळात गेलो. चेहरा मुठीएवढा झाला होता. तिनं कारखान्याचं विचारलं, माझ्या हातोडीचं विचारलं, आणि मग, खिडकीकडे बघत, "साती आब्ला बरी आहे ना?"

"बरी आहे."

"छान," ती म्हणाली.

बाहेर पडून मी बसथांब्यावर उभा राहिलो आणि माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. मी इझमीरहून थेट सातीच्या गावाला गेलो. ती अंगणात ऑलिव्ह निवडत होती. मी चहाही न घेता सांगितलं. दार कोण उचलत होतं, बैठकीत काय विचारलं, मुकर्रेम काय म्हणाली, आणि मला काय शपथ घातली होती, सगळं.

सातीचे हात थांबले. "म्हणजे ती पाती माझ्यामुळे गेली," ती म्हणाली.

"वाऱ्यामुळे गेली."

"दार मी उचललं. आणि ती बाई माझ्यासाठी खोटं बोलली." तिनं ओढणीनं हात पुसले. "उद्या पहिल्या मिनीबसनं जाते."

ती गेली. इस्पितळात पोचली तेव्हा मुकर्रेमला शुद्ध नव्हती. साती पलंगाशी बसून राहिली, तिच्या कानाशी बोलत राहिली. काय बोलली ते तिनं मला सांगितलेलं नाही. संध्याकाळी मुकर्रेम गेली.

दफन आयवालिकला, वडिलांशेजारी. मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर शवपेटी ठेवली होती. फार माणसं नव्हती, तिचा एक मामेभाऊ, धक्क्यावरचे काही म्हातारे, आमच्यातले थोडे. बायका मागे उभ्या होत्या. इमामांनी आमच्याकडे तोंड करून विचारलं, "या बाईवर तुमचे जे हक्क असतील ते तुम्ही हलाल करता का?"

"हलाल असो," आम्ही म्हणालो. तीनदा विचारतात, तीनदा आम्ही म्हणालो. इमाम वळणार तेवढ्यात मागून एकट्या बाईचा आवाज आला, मोठा, जरा फाटलेला. "हलाल असो." इमाम थांबले, मान लववली आणि नमाज सुरू केला.

परतीच्या मिनीबसमध्ये साती माझ्या पुढच्या बाकावर होती. अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मग न वळता म्हणाली, "राइफ, माझं मी दिलं. पण तिचा माझ्यावर राहिला, तो कोण सोडणार?"

"तिनं सोडलेलाच असणार, आब्ला. ती तशी होती."

"तुझ्यापाशी तसं म्हणाली?"

"नाही."

"मी मागितलं, कानाशी तोंड लावून मागितलं. ऐकू आलं नाही तिला." ती अजूनही वळली नव्हती. "इमाम जिवंत माणसांना विचारतात. मेलेल्याला कुणी विचारत नाही."

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. बर्गामा येईपर्यंत मी ते शोधत राहिलो.